कोरडे पोहणे

पोहणे पाण्याबाहेर कितपत शिकता येते, हा प्रश्न वरवर पाहता व्यायामशाळेतला आहे. त्याच्या पोटात मात्र ज्ञानमीमांसेचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. एखाद्या कृतीतले माध्यम काढून घेतले आणि हातापायांच्या हालचाली तेवढ्या ठेवल्या, तर उरते तिला तीच कृती म्हणायचे का? धर्मसाधनेबद्दलही हेच विचारले जाते. ग्रंथ वाचणारा, जप करणारा, आसन घालून बसणारा माणूस ज्या अनुभवाची तयारी करतो, तो अनुभव त्या तयारीत अंशाने तरी असतो का? की दोहोंमध्ये जमीन आणि पाणी यांच्याइतके अंतर असते? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण एका वाक्यात निकाल देऊन मोकळी होते. म्हण खोटी नाही, पण पोहायला येऊ लागल्यानंतर जमिनीवर केलेल्या सरावाचे काय, हे ती सांगत नाही.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हा प्रश्न दर वर्षी ठरलेल्या वेळी उभा राहतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते आणि तिच्या तयारीचे बरेच महिने पावसाळ्यात जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात. पाणी गढूळ, लाटा किनाऱ्यावर आपटणाऱ्या आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेणाऱ्या. अशा दिवसांत पोहणाऱ्याचा सराव पडवीत येतो. रबरी पट्टा मधोमध खांबाला अडकवायचा, दोन्ही टोकांच्या पट्ट्या तळहातांवर चढवायच्या, दोन पावले मागे सरून कमरेत वाकायचे आणि एकेक हात पुढून मांडीपर्यंत ओढायचा. कोपर वर ठेवायचे, मनगट मोडू द्यायचे नाही. हात मांडीशी पोहोचतो तेव्हा पट्टा सर्वात जास्त ताणलेला असतो. तिथे जरा ढिलाई झाली की तो हाताला झटका देऊन पुढे खेचून नेतो. पन्नास-साठ वेळा ओढल्यावर खांद्यामागचा स्नायू पेटतो, घाम कोपरावरून ठिबकतो. दोन हातांवर पागोळ्यांचे पाणी अंगणात धो धो पडत असते, पण या कामाला त्याचा उपयोग नसतो.

साधने बदलली, कल्पना जुनी आहे. जर्मन व्यायामशिक्षक गुट्समुट्स याने १७९८ च्या आपल्या जलतरणाच्या पुस्तकात मुलांकडून हालचाली आधी जमिनीवर घोटून घ्याव्यात असे सुचवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच सैन्यात दार्जी नावाच्या अधिकाऱ्याने शिपायांकडून कोरड्यावर, आज्ञेच्या तालावर पोहण्याची कवायत करून घेण्याची पद्धत आणली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत स्विम बेंच आले. उतरत्या रुळांवर सरकणारे बाक, त्यावर पालथे पडायचे, दोन दोऱ्या ओढायच्या, म्हणजे बाकासकट शरीर पुढे सरकते. पुढे पंख्याच्या चाकाला दोऱ्या जोडलेली यंत्रे निघाली. हात जितक्या वेगाने ओढावा तितका हवेचा रोध वाढतो आणि किती वॅट शक्ती लावली ते पडद्यावर दिसते. पडवीतला रबरी पट्टा हा याच घराण्यातला गरीब भाऊ.

या कल्पनेची टिंगलही तितकीच जुनी. इंग्रज नाटककार टॉमस शॅडवेल याच्या १६७६ सालच्या 'द व्हर्चुओसो' या प्रहसनात सर निकोलस गिमक्रॅक टेबलावर पालथा पडून, समोरच्या भांड्यातल्या बेडकाची नक्कल करत पोहणे शिकतो. पाण्यात कधी उतरलात का, असे विचारल्यावर त्याचे म्हणणे असे की आपल्याला पोहण्याचे शास्त्र हवे आहे, प्रत्यक्षाशी कर्तव्य नाही. प्रेक्षक हसतात ते खरे, पण गिमक्रॅकने प्रश्न नेमका मांडला आहे: पोहण्याचे असे काही शास्त्र आहे का, जे पाणी वगळूनही शिल्लक राहते?

क्रीडाशास्त्राने याचे उत्तर मोजमापातून शोधले. १९८२ साली शार्प, ट्रूप आणि कॉस्टिल यांनी स्विम बेंचवर हातांनी लावलेली शक्ती आणि २५ यार्ड झपाट्याने पोहण्याचा वेग यांची तुलना केली. दोहोंतला सहसंबंध ०.९० इतका, म्हणजे फारच घट्ट निघाला. बाकावर जो जोरकस तो पाण्यातही वेगवान, असा याचा सरळ अर्थ लावला गेला. पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. जो चांगला पोहतो त्याचे खांदे पाण्यानेच बळकट केलेले असतात, आणि बाक ते बळ नुसते मोजून दाखवतो, असेही असू शकते. १९९३ साली तनाका, कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शक्यता तपासली. महाविद्यालयीन पोहणाऱ्यांचे दोन गट केले; एका गटाने फक्त पोहण्याचा सराव केला, दुसऱ्याने त्याच्या जोडीला आठ आठवडे जमिनीवरचा शक्तिव्यायाम केला. दुसऱ्या गटाची वजन उचलण्याची ताकद २५ ते ३५ टक्क्यांनी वाढली. पाण्यातला वेग मात्र पहिल्या गटापेक्षा जास्त वाढला नाही. त्याआधी १९८३ मध्ये ओल्ब्रेख्ट आणि क्लारीस यांनी स्नायूंतल्या विद्युत-हालचालींचे आलेख काढले होते. जमिनीवरच्या साधनांवर आणि प्रत्यक्ष क्रॉल पोहताना तेच स्नायू वेगवेगळ्या क्रमाने आणि वेगवेगळ्या जोराने काम करतात, असे त्यांत दिसले.

जमिनीवरच्या व्यायामाचा सर्वात निर्विवाद फायदा होतो तो ठोकळ्यावरून झेप घेताना आणि तलावाच्या भिंतीला पाय देऊन वळताना. यात नवल काहीच नाही. ठोकळा आणि भिंत या जमिनीच्याच जातीच्या वस्तू आहेत. पाय दिला तर त्या मागे सरत नाहीत. चिवल्याच्या पाण्यात भिंत नसते, म्हणून सागरी जलतरणपटूला हा फायदाही फारसा मिळत नाही.

हालचाल तीच, स्नायू तेच, मग फरक कुठे पडतो? पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याचा परिणाम मात्र सहज लक्षात येत नाही. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती जवळपास एक तृतीयांशाने जास्त लागते. म्हणून पाण्यात नुसत्या जोराला फार लवकर मर्यादा पडते. रोध कमी करणे, म्हणजे शरीर लांब आणि आडवे राखणे, हे जोरापेक्षा स्वस्त पडते. बाकावर पालथ्या पडलेल्या माणसाला हा प्रश्नच येत नाही, कारण त्याला बाकाने आडवे धरलेले असते. पाण्यात छाती फुप्फुसांतल्या हवेने वर राहते आणि कंबर-पाय जड होऊन खाली जातात. डोके जरा वर उचलले की पाय आणखी बुडतात आणि माणूस पोहायचे सोडून पाणी ढकलू लागतो.

रबरी पट्ट्याचा रोध ताणाबरोबर वाढतो, म्हणून त्यावर ओढीचा शेवट सर्वात जड. पाण्यात असे ठरलेले काही नसते. तळहात पुढे घालून कोपर वर ठेवून पाणी पकडले, तर हाताला ते भिंतीसारखे लागते आणि शरीर त्या हातावरून पुढे जाते. तळहात किंचित तिरका झाला, बोटांमागे हवेचे बुडबुडे अडकले किंवा हात घाईने मारला, की तेच पाणी हातातून निसटते. पट्टा कधी निसटत नाही. कसाही ओढा, तो ओढल्याचे उत्तर देतो. चुकीच्या ओढीलाही तितकाच मान देतो. पट्ट्यावर महिनाभर मनगट मोडून सराव करणाऱ्याला पट्टा कधी सांगणार नाही की हे पाणी नव्हे.

श्वासाचे तर आणखीच. मायकेल पोलान्यी याने १९५८ च्या 'पर्सनल नॉलेज' या ग्रंथात एक बारीक निरीक्षण नोंदवले आहे. पोहणारा तरंगत राहतो तो मुख्यतः श्वासाच्या नियमनामुळे; उच्छ्वास करताना तो फुप्फुसे पूर्ण रिकामी करत नाही आणि श्वास घेताना ती नेहमीपेक्षा जास्त भरतो. आणि बहुतेक पोहणाऱ्यांना आपण असे करतो याचा पत्ताही नसतो. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या इतकी जवळ आहे की छातीतल्या हवेच्या थोड्याशा फरकाने तराजू इकडून तिकडे झुकतो. हे ज्ञान शरीराला पाण्याने दिलेले असते, शिकवणाऱ्याने नव्हे. ज्याला ते माहीत नाही तो ते बाकावर कसे गिरवणार? बाकावर सोडलेला श्वास कुणाला बुडवत नाही.

मराठीच्या व्याकरणात या बाबतीत एक खूण सापडते. व्यायाम माणूस करतो, धडा तो पाठ करतो, पण पोहणे त्याला येते. मालवणीत तेका पेवूक येता, असे म्हणतात. वाक्यात पोहणारा कर्ता राहत नाही, चतुर्थीत जाऊन बसतो. पोहण्याबरोबर सायकल, गाणे, स्वयंपाक, परकी भाषा या सगळ्यांसाठी भाषेने हीच रचना राखून ठेवली आहे. पडवीतला माणूस व्यायाम करतो. पाण्यातल्या माणसाला पोहता येते. भाषेतल्या खुणांवरून सिद्धांत काढू नयेत हे खरे. पण इथे भाषेने जे वेगळे ठेवले आहे, ते शंकराचार्यांनीही वेगळ्या कारणासाठी वेगळे ठेवले होते.

ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी आचार्यांनी क्रिया आणि ज्ञान यांत एक भेद केला आहे. क्रिया पुरुषतंत्र असते, म्हणजे माणसाच्या अधीन. ती करावी, न करावी किंवा वेगळ्या रीतीने करावी. घोड्यावरून जावे, पायी जावे किंवा जाऊच नये. ज्ञान वस्तुतंत्र असते, म्हणजे वस्तूच्या अधीन. समोर खांब असेल तर तो खांब म्हणूनच कळेल. तो माणूस आहे असे इच्छेने ठरवता येत नाही. या भेदाचा उपयोग आचार्यांना कर्मकांडापासून ब्रह्मज्ञान वेगळे काढायला हवा होता. पोहणे त्यांच्यासमोर नव्हते. पण कौशल्य या दोहोंच्या मधल्या जागी येते, आणि या भेदाच्या उजेडात ते जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

पोहणे ही क्रिया आहे; पाण्यात उतरायचे की नाही, क्रॉल मारायचा की उताणे पोहायचे, हे माणूस ठरवतो. पण उतरल्यावर ते अर्धे वस्तुतंत्र होते. हात कुठे पाणी पकडेल, केव्हा निसटेल, पाय किती बुडतील, हे माणसाच्या इच्छेवर नसते. पोहणाऱ्याला ते ज्ञानासारखे, म्हणजे जसे आहे तसे, स्वीकारावे लागते, आणि पुढचा हात त्या स्वीकारातून मारावा लागतो. पडवीत खांबाला बांधलेल्या पट्ट्यावरचे पोहणे मात्र जवळजवळ पूर्ण पुरुषतंत्र आहे. तिथे वस्तू म्हणजे खांब, आणि खांब काहीच बोलत नाही. साधने पोहण्याचे तंत्र कितपत गिरवतात, या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. तंत्राचा जो भाग माणसाच्या अधीन आहे तो साधनांत बऱ्यापैकी उतरतो: कोपराची उंची, हाताचा मार्ग, खांद्याची ताकद, दम. जो भाग पाण्याच्या अधीन आहे तो उतरत नाही, कारण तो हालचालीत नसतोच. तो हालचालीला मिळणाऱ्या उत्तरात असतो.

मग जमिनीवरचा सराव निव्वळ नक्कल ठरतो का? तर नाही. कारण साम्य हेसुद्धा ज्ञानाचे साधन आहे, असे न्यायदर्शन मानते. उपमान हे न्यायसूत्रकार गौतमाच्या चार प्रमाणांपैकी एक. त्याचे शाळकरी उदाहरण गवयाचे. नगरात राहणाऱ्याने गवय पाहिलेला नसतो. रानातला माणूस त्याला सांगतो की गवय गाईसारखा असतो. ऐकणारा ते लक्षात ठेवतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखा पण गळ्याला पोळी नसलेला प्राणी समोर उभा राहतो, आणि ऐकलेले आठवून त्याला कळते की गवय म्हणतात तो हा. घरी बसून गाईचे कितीही चिंतन केले तरी हे ज्ञान झाले नसते. आणि आधी काहीच ऐकले नसते, तर समोरचा प्राणी नुसता एक प्राणी राहिला असता. नैयायिकाच्या दृष्टीने बाकावरचा सराव हे रानातल्या माणसाचे वाक्य आहे. कोपर वर ठेव, हाताने पाणी ओढू नकोस, पाण्यावर हात टेकवून शरीर पुढे ने, असे प्रशिक्षक सांगतो आणि शिकणारा पट्ट्यावर ते करतो. पाण्यात एखाद्या दिवशी हात खरोखर टेकतो, आणि तेव्हा पट्ट्यावरच्या त्या आकाराला अर्थ येतो.

मीमांसकांचे उपमान याच्या उलट दिशेने चालते. शबर आणि कुमारिल यांच्या मते रानात गवय पाहिल्यावर जे नवे ज्ञान होते ते घरच्या गाईविषयीचे असते: माझी ती गाय या प्राण्यासारखी आहे. गाय समोर नाही, तिची आठवण आहे, आणि आठवणीतल्या वस्तूला नवे साम्य येऊन चिकटते. दोन दर्शनांमधला हा वाद पांडित्याचा कीस काढल्यासारखा वाटतो, पण पोहण्यात दोन्ही प्रकार रोज घडतात. नवशिका नैयायिकाच्या वाटेने जातो. त्याच्याकडे जमिनीवरचा आकार आहे आणि पाणी अजून यायचे आहे. वर्षानुवर्षे पोहलेला माणूस पावसाळ्यात पडवीत पट्टा ओढतो तेव्हा मीमांसकाचा मार्ग चालू असतो. त्याच्या हाताला पट्टा लागतो आणि आठवणीत पाणी असते. ही ओढ त्या दिवशीच्या त्या पाण्यासारखी झाली, ही नाही झाली, हे त्याला कळते. पट्टा बोलत नसला तरी याच्याकडे पाण्याचे जुने उत्तर साठवलेले असते. तेच साधन, तीच ओढ. पण एकाच्या हाती ती ऐकीव माहिती आहे आणि दुसऱ्याच्या हाती स्मरण. स्मृतीला नैयायिक प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, मानत नाहीत, हे इथे आडवे येऊ नये. स्मृती आधीच्या अनुभवावर अवलंबून असते एवढेच ते सांगतात, आणि पट्ट्यावर नवे काही शिकायला मिळत नाही हे पोहणाऱ्याला त्यांच्या आधीपासून ठाऊक असते.

इथून साधनेचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. अद्वैत परंपरेत शब्दाने साक्षात्कार होतो की शब्दाने कळलेल्याचा पुन्हा पुन्हा अभ्यास करावा लागतो, यावर शतकानुशतके वाद झाला. मंडनमिश्रांनी अभ्यासाची बाजू धरली: शब्दाने होणारे ज्ञान परोक्षच असते, ते प्रत्यक्षाच्या तोडीचे व्हायला सतत ध्यान लागते. सुरेश्वराचार्यांनी ती खोडून काढली. या वादात सुरेश्वरांच्या बाजूचे आवडते उदाहरण दहाव्या माणसाचे, आणि योगायोग असा की तेही पाण्याचेच आहे. दहा जण नदी पार करतात. पैलतीरी मोजताना प्रत्येक जण स्वतःला वगळून नऊच मोजतो आणि एक बुडाला म्हणून रडारड सुरू होते. वाटसरू येतो, मोजतो आणि शेवटच्याला सांगतो की दहावा तूच. एका वाक्याने दहावा सापडतो. त्यासाठी ध्यान लागत नाही, पुन्हा नदीत उतरावे लागत नाही. विद्यारण्यांनी 'पंचदशी'च्या सातव्या प्रकरणात या गोष्टीचे टप्पे पाडून दाखवले आहेत. दहावा जिवंत आहे हे ऐकून होणारे ज्ञान परोक्ष, आणि दहावा तू आहेस हे ऐकून होणारे अपरोक्ष.

दृष्टांत बिनतोड आहे, पण तो कुठे लागू पडतो ते पाहायला हवे. दहावा आधीपासून तिथे होता. शब्दाने फक्त झाकण काढले. पोहणे कुणाच्याही आत आधीपासून तयार नसते. त्यामुळे पोहता येत नसलेल्याला तू पोहणारा आहेस असे कितीही अधिकारी माणसाने सांगितले, तरी तो गटांगळ्याच खाणार. आत्मज्ञान दहाव्यासारखे असेल तर शब्द पुरतो; चित्ताची स्थिरता, करुणा, निर्भयता ही पोहण्यासारखी असतील तर पुरत नाही. धर्मजीवनात या दोन्ही जातींच्या गोष्टी एकाच नावाखाली येतात, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. निर्भयतेवरचे प्रवचन ऐकून माणूस निर्भय झाला नाही म्हणून प्रवचनाला दोष देणे, हे पट्टा ओढून चिवल्याची स्पर्धा जिंकता आली नाही म्हणून पट्ट्याला दोष देण्यासारखे आहे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हेगेलने याच दृष्टांताने कांटला टोचले. जाणून घेण्याआधी जाणण्याच्या शक्तीची परीक्षा करू, हा कांटचा बेत हेगेलला पोहणे शिकल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकणार नाही म्हणणाऱ्या पढतमूर्खासारखा वाटला. तो पढतमूर्ख 'फिलोगेलोस' या प्राचीन ग्रीक विनोदसंग्रहातून आलेला आहे. बुडता बुडता वाचल्यावर त्याने ती शपथ घेतली होती. हेगेलचा टोमणा चुरचुरीत असला तरी थोडा अन्यायाचा आहे. कांट पाण्याबाहेर उभा नव्हता. न्यूटनचे विज्ञान त्याच्यासमोर वाहत होते, आणि जे पोहणे आधीच चालू आहे ते कसे शक्य झाले, हे तो विचारत होता. पोलान्यीच्या पोहणाऱ्याला आपला श्वास कसा चालतो हे कुणीतरी नंतर सांगितले, तर तो अडाणी ठरत नाही आणि सांगणाराही पढतमूर्ख ठरत नाही.

माध्यम वगळून केलेल्या सरावाचे आणखी एक भवितव्य महाराष्ट्राने पाहिले आहे. मल्लखांब हा नावाप्रमाणे मल्लाचा खांब. कुस्तीची तयारी व्हावी म्हणून अंगात चपळाई आणि पकड आणणारे ते कोरडे साधन होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले. एरंडेलाने गुळगुळीत केलेल्या खांबावर पकडी घोटल्या जाऊ लागल्या. पण खांब डाव उलटवत नाही, पायात पाय घालत नाही, दमत नाही. प्रतिस्पर्ध्याचे उत्तर नसलेली पकड हळूहळू प्रतिस्पर्ध्यासाठी राहिली नाही, स्वतःच्या सौंदर्यासाठी राहिली. आज मल्लखांबाचे स्वतंत्र नियम, पंच आणि स्पर्धा आहेत, आणि त्याचा निष्णात खेळाडू आखाड्यात कसा लढेल असे कुणी विचारत नाही. बाकावरच्या पोहण्याचेही असे काही होऊ शकते. वॅट मोजणाऱ्या यंत्रांवर आपापसांत चुरस लावणारे लोक आताच भेटतात. कर्मकांडाचे अनेकदा हेच झाले आहे. साधन साध्यापासून सुटले की ते मरते असे नाही. उलट ते अधिक रेखीव होते, त्यात पारंगत लोक तयार होतात, आणि ते मुळात कशासाठी होते हे विचारणे असभ्य वाटू लागते.

कोकणातली जुनी रीत या सगळ्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. दोन सुके, न सोललेले नारळ घ्यायचे, त्यांच्या सोडणाच्या पट्ट्या थोड्या सोडवून एकमेकांना गाठ मारायची, आणि ती जोडी पोराच्या छातीखाली घालून त्याला विहिरीत, कोंडीत किंवा खाडीच्या संथ पाण्यात सोडायचे. नारळ काखेत येतात, गाठ छातीला टोचते, पोर हातपाय मारते. देशावर हेच काम पाठीवर बांधलेला पत्र्याचा डबा, सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड करते. हेही प्रशिक्षणाचे साधनच, पण बाकाच्या अगदी उलट. बाक पाणी काढून घेतो आणि हालचाल ठेवतो. नारळ पाणी जसेच्या तसे ठेवतो, फक्त बुडण्याची शिक्षा सौम्य करतो. नाकात पाणी जाते, पाय खाली जातात, हाताला पाणी लागते आणि निसटते. प्रत्येक चुकीचे उत्तर जागच्या जागी मिळते, जिवावर न बेतता. पोराची हालचाल बाकावरच्या सरावाच्या तुलनेत ओबडधोबड असते, कोपर कुठेही जाते, डोके वर असते. तंत्र म्हणून ती शून्य गुणांची. पण जे वस्तुतंत्र आहे ते सगळे तिच्यात पहिल्या दिवसापासून आलेले असते. पुढे नारळ एकमेकांपासून लांब सरकवतात, मग एकच ठेवतात, मग पोर स्वतःच तो बाजूला ढकलून देते.

नारळालाही मर्यादा आहेत. विहिरीत शिकलेल्या पोराला समुद्र वेगळा लागतो. खारे पाणी गोड्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी जड, म्हणून शरीर थोडे वर राहते. पण लाट श्वासाची वेळ चुकवते आणि प्रवाह सरळ रेषा सरळ राहू देत नाही. दर काही हातांनंतर डोके उचलून बोया किंवा किनाऱ्यावरची माडांची ओळ शोधावी लागते, आणि प्रत्येक वेळी पाय बुडतात. तलावात घोटलेला क्रॉल इथे पुन्हा घडवावा लागतो. तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत शिकाऊंना आधी तलावात आणि मग समुद्रात नेतात, तेही याच कारणाने. तलाव समुद्राच्या दृष्टीने अर्धी जमीनच आहे. तरी तो बाकासारखा नाही, कारण उत्तर देणारी वस्तू तीच राहते, बोलण्याची ढब तेवढी बदलते.

२०२० साली पाण्यावाचून सरावाचा प्रयोग साऱ्या देशावर न सांगता झाला. मार्चमध्ये कोविडच्या टाळेबंदीत तलाव बंद झाले, आणि खेळाडूंच्या सरावासाठी ते उघडायला केंद्राची परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबरपासून. मधल्या काळात घरोघरी पट्टे, दोरखंड आणि वजने निघाली. कोल्हापूरचा वीरधवल खाडे हा २०१० च्या आशियाई स्पर्धेतला कांस्यपदकविजेता. तलाव असेच बंद राहिले तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे त्याने त्या जूनमध्ये जाहीरपणे लिहिले. ताकद घरात राखता येत होती. घरात राखता येत नव्हते ते पाणी.

मालवणच्या किनाऱ्यावर ही टाळेबंदी दर पावसाळ्यात येते आणि नारळी पौर्णिमेच्या पुढेमागे हळूहळू उठते. दर्याला नारळ अर्पण होतो, होड्या लोटल्या जातात, पाणी निवळू लागते. पडवीत पट्टा ओढलेला माणूस पहिल्यांदा उतरतो तेव्हा खांदे भरून येत नाहीत, दमही बऱ्यापैकी पुरतो. तीन महिन्यांच्या कोरड्या सरावाने एवढे नक्की साधलेले असते. पण पहिले काही दिवस हात टाकला की पाणी हातातून जाते. पट्ट्याच्या सवयीने ओढीचा शेवट उगाच जोरात होतो, आणि सुरुवातीची पकड, जिथे पट्टा सैल असायचा, तिथे हात रिकामा फिरतो. तो वेग कमी करतो, मुठी आवळून थोडे अंतर पोहतो, मग बोटे उघडतो, आणि तळहातावर दाब कुठून सुरू होतो ते पाहतो.